आठवणीचा इतिहास होतो तेव्हा

आमच्या केळव्याची दिवाळी म्हणजे दोन आवाज. एक समुद्राचा, तो बारमास चालू असतो, म्हणून गावातल्या माणसाला ऐकूच येत नाही. दुसरा फटाक्यांचा. नरकचतुर्दशीला उजाडायच्या आत सुरूच्या बनाकडून पहिला बाँब वाजतो आणि मग पानवेलींच्या वाड्यांमधून, शितळादेवीच्या देवळाच्या बाजूने, कोळीवाड्याकडून एकच धडाका उडतो. घरोघर उटण्याचा वास, बंबातल्या पाण्याची वाफ, कारीट फोडण्याची मुलांची घाई. या सगळ्या आनंदात आमच्या घरातले एक माणूस मात्र कित्येक वर्षे दिसत नसे. पहिला आवाज झाला की आमचे मामा उठून माजघरात जात आणि दार लोटून घेत. पोरे हसत, "मामा फटाक्यांना भितात!" मोठी माणसे पोरांना गप्प करीत, पण का, ते कुणी सांगत नसे.

आता सांगायला हरकत नाही. मामांनी स्वतःच तशी मुभा दिली आहे. ते चर्चगेटजवळच्या एका कचेरीत नोकरीला होते. डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ साली. त्याआधी संध्याकाळी विरार लोकल पकडायची, विरारला गाडी बदलायची आणि केळवे रोडला उतरायचे, असा त्यांचा वीस वर्षांचा क्रम होता. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात लोकलगाड्यांत, पहिल्या वर्गाच्या डब्यांमध्ये, अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि पावणेदोनशेहून अधिक माणसे प्राणाला मुकली. मामा त्यांपैकी एका गाडीत, शेजारच्या दुसऱ्या वर्गाच्या डब्यात होते. अंगाला ओरखडाही आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते घरी पोहोचले, आंघोळ केली, दोन घास खाल्ले. आजीने देवापुढे साखर ठेवली. घरच्यांच्या लेखी गोष्ट तेथे संपली.

मामांच्या लेखी ती संपली नाही. डोळे मिटले की तो डबा, तो धूर, फलाटावर पडलेली कुणाची तरी एक चप्पल. गाडीचा ब्रेक लागला की घशाला कोरड. वर्षभरात त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. लोक म्हणत, "वाईट आठवण आहे, विसरून जा." परंतु आज विचार करताना वाटते, की ती आठवण नव्हतीच. आठवण ही होऊन गेलेल्या गोष्टीची असते. मामांच्या बाबतीत ती संध्याकाळ होऊन गेलीच नव्हती. ती रोज होत होती.

इतिहास या शब्दाची फोड जुने पंडित 'इति-ह-आस' अशी करतात. असे खरोखर होऊन गेले, हा त्याचा अर्थ. त्यात जे घडले ते जितके मोलाचे, तितकेच ते घडून गेले हेही मोलाचे. मनाला बसलेल्या जबर धक्क्याचे दुखणे असे, की घडलेले घडून जात नाही; आठवणीचा इतिहास होत नाही. तो व्हावा म्हणून माणसाने काय काय केले आणि त्यात डोळ्यांच्या हालचालीवर आधारलेला एक विलक्षण उपचार कसा निपजला, तो कसा वादात सापडला आणि आपल्या देशात कसा पोहोचला, ही हकीकत सांगण्यासाठी हा लेख.

आमचे गाव युद्धाला नवखे नाही. किनाऱ्याजवळ पाण्यात एक छोटा पाणकोट उभा आहे. ओहोटीला तेथे चालत जाता येते, भरतीला त्याचा निम्मा भाग पाण्यात जातो. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजांनी केळवे-माहीम फिरंग्यांकडून घेतले आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. त्या मोहिमेच्या पत्रांतून कोण पडले, कोण जखमी झाले हे कळते. परंतु जे धडधाकट परत आले त्यांच्या रात्री कशा गेल्या, हे कोणत्या दप्तरात शोधावे? दोन्ही बाजूंच्या तोफांमध्ये सापडलेल्या येथल्या वाडवळांच्या, भंडाऱ्यांच्या, मांगेल्यांच्या बायकामुलांनी पुढे मेघगर्जना ऐकली की काय केले असेल?

कधी कधी मात्र अशी जखम इतिहासाच्या पानावर उमटते. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. नानासाहेब पेशवे त्याच वर्षी जूनमध्ये खचून गेले आणि निवर्तले. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी आपले कुंकू अखेरपर्यंत पुसले नाही. भाऊ गेले हे त्यांच्या मनाने स्वीकारलेच नाही. पुढे भाऊंचे नाव सांगत एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे हजारो लोक गेले आणि १७७६ साली त्याचा निकाल लावावा लागला. इतिहासकार त्याला बंड म्हणतात, आणि ते खरेच आहे. परंतु ज्या समाजाचे दुःख इतिहास व्हायला तयार नव्हते, त्याच समाजात हे बंड माजू शकले, हेही तितकेच खरे.

वैद्यकाने या दुखण्याची गंभीर दखल घेतली ती पहिल्या महायुद्धात. खंदकांतून परतलेले, अंगावर जखम नसलेले, परंतु थरथर कापणारे, मुके झालेले, रात्री किंचाळून उठणारे शिपाई पाहून १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टराने 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात वापरला. त्या युद्धात आपलीही माणसे होती. एप्रिल १९१६ मध्ये कुत-अल-अमारा येथे उपासमारीनंतर जी फौज तुर्कांच्या हाती सापडली, तीत मराठा पलटणींचे जवान होते. कोकणात आणि घाटावर परतलेल्या अशा शिपायांविषयी 'तो लढाईवरून आला तो बदलूनच आला' एवढेच घरोघर बोलले गेले असेल.

याच काळात स्कॉटलंडमधील एका लष्करी इस्पितळात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर काम करीत होते. आपल्याला त्यांची ओळख वेगळ्या कारणाने हवी. नीलगिरीतल्या तोडा लोकांमध्ये राहून त्यांनी त्यांच्यावर १९०६ साली मोठा ग्रंथ लिहिला होता. शिपायांना त्या वेळी सर्रास सल्ला मिळे, की झाले ते मनातून काढून टाका. रिव्हर्स यांना उलट दिसले. जो शिपाई दिवसा विसरण्याची शिकस्त करी, त्याला रात्री त्याची दामदुप्पट भरपाई करावी लागे. आणि जो विश्वासू माणसापाशी ते हळूहळू बोलू शके, त्याची झोप सुधारे. तरीही या दुखण्याला अधिकृत नाव मिळायला फार काळ लागला. व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचे हाल पाहून १९८० साली तेथील मनोविकारांच्या अधिकृत सूचीत ते नोंदले गेले. आघातोत्तर तणावविकार असे आपण त्याला म्हणू.

आता डोळ्यांकडे वळू. डोळा आणि मन यांचे नाते माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. हठयोगात त्राटक हे सहा शुद्धिक्रियांपैकी एक आहे. एका बिंदूवर दृष्टी स्थिर ठेवायची. १८४५ साली बंगालमध्ये हुगळी येथे जेम्स एस्डेल या कंपनी सरकारच्या डॉक्टराने मेस्मरच्या पद्धतीने रोग्यांना गुंगीत नेऊन शस्त्रक्रिया केल्या. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात त्यासाठी इस्पितळही निघाले. मग ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि तो प्रयोग मागे पडला. त्याच सुमारास मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडने चकाकत्या वस्तूवर डोळे खिळवून संमोहन घडते असे दाखवले. या सर्वांचा रोख एकच होता. डोळा थांबवा म्हणजे मन थांबेल.

ज्या स्त्रीने नेमके उलट केले, तिचे नाव फ्रान्सिन शापिरो. जन्म न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिनचा, साल १९४८. ती मूळची इंग्रजी साहित्याची अभ्यासक. ऐन तिशीत कर्करोग झाला. त्यातून बरी झाल्यावर शरीर आणि मन यांच्या नात्याचा ध्यास घेऊन ती मानसशास्त्राकडे वळली. १९८७ साली कॅलिफोर्नियात एका बागेत फिरत असता तिच्या असे ध्यानात आले, की मनात घोळणारे काही त्रासदायक विचार आपोआप बोथट होत आहेत, आणि त्या वेळी आपले डोळे भराभर इकडून तिकडे फिरत आहेत. तिने हे मुद्दाम करून पाहिले, मित्रांवर करून पाहिले. १९८९ साली २२ रुग्णांवरचा पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत बलात्काराच्या आणि बालपणीच्या अत्याचाराच्या बळी होत्या, व्हिएतनामचे सैनिक होते. या पद्धतीला 'आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रिप्रोसेसिंग', म्हणजे संक्षेपाने ईएमडीआर, असे लांबलचक नाव पडले. पुढे शापिरोबाईंनाच वाटू लागले की नावात डोळ्यांना इतके महत्त्व द्यायला नको होते. २०१९ साली त्या वारल्या.

हा उपचार प्रत्यक्षात कसा चालतो, याविषयी लोकांत अजब कल्पना आहेत. मामांची मुलगी मुंबईत शिकत असताना तिने हा उपचार ऐकला आणि बापाच्या मागे लागली, तेव्हा आमच्या आजीला वाटले की हे दृष्ट काढण्यातलेच काही असावे. मामांनाही वाटले की आपल्याला गुंगीत नेणार. तसे काही नाही. रुग्ण पूर्ण जागा असतो आणि केव्हाही थांबा म्हणू शकतो.

उपचाराचे आठ टप्पे ठरलेले आहेत. आधी रुग्णाची सगळी हकीकत ऐकायची. मग त्याची तयारी करायची. मन बिथरले तर स्वतःला सावरायचे कसे, हे आधी शिकवायचे. यात बैठकाच्या बैठका जाऊ शकतात. मग त्या प्रसंगातले सर्वांत वाईट चित्र कोणते, ते पाहताना स्वतःविषयी कोणते वाक्य मनात येते, त्याऐवजी कोणते वाक्य खरे वाटावे असे वाटते, शरीरात त्रास नेमका कुठे होतो, हे विचारायचे. त्रास शून्य ते दहा या मापाने मोजायचा. मामांचे चित्र होते त्या चपलेचे. मनातले वाक्य होते, "मी पळालो." त्रास नऊ.

त्यानंतर बाई जरा बाजूला खुर्ची घेऊन बसतात आणि दोन बोटे डोळ्यांसमोर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवतात. रुग्णाने मनात ते चित्र धरायचे आणि मान न हलवता डोळ्यांनी बोटांचा पाठलाग करायचा. अर्धा मिनिट, फार तर थोडे अधिक. थांबायचे, एक श्वास घ्यायचा. "आता काय येते?" जे येईल ते सांगायचे, त्यावर चर्चा नाही, उपदेश नाही. पुन्हा बोटे हलू लागतात. कुणाला डोळे फिरवणे जमत नसेल तर दोन हातांवर आळीपाळीने टिचक्या देतात. त्रास उतरला की नवे वाक्य पक्के करायचे, अंगात कुठे ताण उरला आहे का ते पाहायचे, बैठक शांतपणे मिटवायची आणि पुढच्या खेपेला काय टिकले ते तपासायचे.

मामा सांगतात, "अरे, तिसऱ्या की चौथ्या बैठकीत ते चित्र एकदम सरकले. चप्पल होती, पण तिच्या पलीकडे मी एका म्हाताऱ्याला हात देऊन खाली उतरवतो आहे असे दिसले. तसे मी खरेच केले होते रे! इतकी वर्षे मला ते आठवतच नव्हते."

आता वादाकडे येऊ. या वादाशिवाय ही हकीकत सांगणे अप्रामाणिक होईल. बोटे हलवून मन बरे होते, हे ऐकून शास्त्रज्ञ बिचकले यात नवल नाही. १९९९ साली हार्वर्डचे रिचर्ड मॅकनली यांनी या उपचाराची मेस्मरच्या चळवळीशी सविस्तर तुलना केली. त्यांचे म्हणणे असे, की यात जे गुणकारी आहे ते जुनेच आहे आणि जे नवे आहे ते गुणकारी नाही. भीतीदायक आठवणीला सुरक्षित जागी सामोरे जाण्याने माणूस बरा होतो, हे आधीच माहीत होते. डोळे फिरवणे ही वरची सजावट. २००१ साली बऱ्याच प्रयोगांचा एकत्र ताळा मांडला, तो याच मताच्या बाजूने गेला. २०१३ साली पुन्हा ताळा मांडला, तेव्हा डोळ्यांच्या हालचालीचा स्वतंत्र उपयोग दिसून आला. वाद आजही पुरता मिटलेला नाही. मात्र उपचार एकंदरीत गुण देतो की नाही, यावर बरेच एकमत झाले. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने आघातोत्तर विकारासाठी ज्या मानसोपचारांची शिफारस केली, त्यांत आघातावर केंद्रित असलेल्या विचार-वर्तन उपचाराबरोबर याचाही समावेश होता.

डोळ्यांमुळे काय होत असावे? एक उपपत्ती अशी. ज्या पाटीवर आपण क्षणभर विचार मांडतो, ती मनाची पाटी फार लहान आहे. एकीकडे आठवण आणि दुसरीकडे हलणारी बोटे, अशी दोन कामे तिच्यावर एकदम आली की चित्राला पुरेशी जागा उरत नाही. ते फिके पडते आणि फिके झालेलेच परत साठवले जाते. १९९७ पासून प्रयोगशाळेतील अभ्यास या उपपत्तीला आधार देत आले आहेत. दुसरी उपपत्ती झोपेची. आपण स्वप्न पाहतो तेव्हा मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर हलतात, हे १९५३ साली शिकागोत ध्यानात आले. तेव्हा जागेपणीची ही हालचाल त्याच यंत्राला चालना देत असेल, असा हा तर्क. २०१९ साली कोरियातील संशोधकांनी उंदरांपुढे प्रकाशाचे ठिपके इकडून तिकडे फिरवले, तेव्हा त्यांच्या मनात बसवलेली भीती लवकर ओसरली आणि मेंदूतला एक मार्गही त्यांनी दाखवून दिला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे लक्षात ठेवूनही ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

हा उपचार हिंदुस्थानात आला तो भूकंपाच्या मागोमाग. त्याआधी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला धरणी हादरली. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. वाचलेल्यांपैकी काहींची दिल्लीच्या मनोविकारतज्ज्ञांनी तपासणी केली, तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांना मनोविकाराने घेरलेले आढळले. घरे पुन्हा उभी राहिली; परंतु घरात झोपायची भीती सिमेंटने बुजत नाही. त्या वेळी हा उपचार जाणणारे आपल्याकडे जवळपास नव्हते.

२६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरला, तेव्हा परिस्थिती थोडी बदलली. ओक्लाहोमा शहरातील १९९५ च्या बाँबस्फोटानंतर अमेरिकेतल्या ईएमडीआर उपचारकांनी आपत्तीत मदतीला जाण्यासाठी एक संस्था उभारली होती. गुजरातच्या भूकंपानंतर तिच्या शिक्षकांनी आपल्याकडच्या मानसतज्ज्ञांचे शिक्षणवर्ग घेतले. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली, तेव्हा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हे ज्ञान कामी आले. या पद्धतीची घडी भारतात बसवणाऱ्यांत मुंबईच्या डॉ. सुषमा मेहरोत्रा यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

मोठ्या आपत्तीत एकेका माणसासमोर बसून बोटे हलवायला वेळ कुठला? याचे उत्तर मेक्सिकोतून आले. १९९७ साली पॉलिन नावाच्या चक्रीवादळाने अकापुल्कोचा किनारा उद्ध्वस्त केला. तेथल्या मुलांबरोबर काम करताना लुसिना आर्तिगास यांनी एक साधी युक्ती काढली. दोन्ही हात छातीवर आडवे धरायचे आणि तळव्यांनी आळीपाळीने स्वतःच्याच खांद्यांजवळ हलके थोपटायचे. तिला 'फुलपाखराची मिठी' म्हणतात. ओळीने बसलेली मुले चित्र काढतात, थोपटतात, पुन्हा चित्र काढतात. आपल्याकडे रडत्या लेकराला आई खांद्यावर घेऊन थोपटते, तेव्हा तिने कोणता ग्रंथ वाचलेला असतो? शास्त्र कधी कधी फार लांबचा वळसा घालून घरी येते.

हे सारे आज आठवण्याचे कारण आमच्या जिल्ह्यातच आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या भागात, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. मोठे धक्के पालघर-बोईसरपर्यंत जाणवत. आदिवासी पाड्यांतली माणसे थंडीत घराबाहेर, तंबूंत झोपत. धक्के बहुधा लहान. पण पुढचा केव्हा येईल हे ठाऊक नसणे हाच मोठा धक्का. इमारतींना तडे किती गेले याची मोजदाद होते, भरपाईचे अर्ज निघतात. मनाला गेलेला तडा कोण मोजणार? मुंबईत असा उपचारक गाठता येतो. तलासरीच्या पाड्यावरच्या आईने कोणाकडे जावे? टेलिमानस ही सरकारी मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे, तिचा क्रमांक १४४१६. मराठीत बोलता येते. पण वारली बोलणाऱ्या आजीसमोर बसून ऐकणारे माणूस, ही गरज अजून उभीच आहे.

आणि एक सावधगिरीची गोष्ट. हा उपचार घरी बसून, पाहून-वाचून कुणी कुणावर करू नये. बंद विहिरीचे झाकण काढायचे तर दोर धरणारा जाणता हवा. चार दिवसांचे शिक्षण घेऊन चमत्काराचे दुकान मांडणारेही असतात. त्यांच्यापासून दूर राहावे. सर्वांनाच गुण येतो असेही नाही.

मामांना आला, पण पुरता नाही, हे ते स्वतः सांगतात. आठ-दहा बैठकांनंतर ते एकटे लोकलने चर्चगेटला जाऊन आले. गर्दीत अजून छाती धडधडते. परंतु त्रास किती, असे विचारले तर म्हणतात, "दोन असेल. तेवढा राहू दे. माणसे गेली आहेत रे, शून्य कसा होईल?"

गेल्या दिवाळीत पहिला बाँब वाजला तेव्हा मामा दचकले. पण ओटीवरून उठले नाहीत. धाकट्या नातवाने विचारले, "आजोबा, तुम्ही पूर्वी आत का जात होतात?" मामांनी त्याला जवळ बसवले आणि सांगायला सुरुवात केली, "२००६ सालची गोष्ट. जुलै महिना होता, पावसाळ्याचे दिवस..." आवाज संथ होता, साल-महिना ठीक होता, गोष्टीला आरंभ होता आणि शेवटही होता. पोराने सगळे ऐकून घेतले. मग तो अंगणात गेला, हातातली लवंगी माळ त्याने खिशात टाकली आणि मामांच्या पुढ्यात येऊन फुलबाजी पेटवली.